लोकरीत पुरली

"डाव्या बाहीच्या काठाला निळ्या दोऱ्याने रफू केलेलं होतं," असं मर्सी डॅक म्हणाली आणि माझ्या टाकातून कागदावर शाईचा एक मोठा थेंब पडला. तीस वर्षं मी या चर्चचा कारकून आहे. बाप्तिस्मे, लग्नं, मर्तिकं, सगळी लिहून झाली, प्लेगच्या साली एका दिवसात सतरा मर्तिकं लिहिली, पण पानावर डाग कधी पाडला नव्हता. डॉक्टर हॉल्बेक, आमचे पाद्रीसाहेब, खुर्चीतून थोडे पुढे झुकले आणि म्हणाले, "थर्केटल, बरं नाही का वाटत?" मी म्हटलं, "थंडीने बोटं आखडलीत, साहेब." ते खोटं नव्हतं. नोव्हेंबरचा महिना, चर्चच्या मागची ती दगडी खोली, आणि शेगडी पेटवायची तर डॉक्टरसाहेबांना धुराने खोकला होतो. मी डागावर वाळू टाकली, ती फुंकली आणि पुढचं वाक्य ऐकायला लागलो. पण मला ऐकू काही येत नव्हतं. निळा दोरा, एवढंच डोक्यात फिरत होतं. मर्सी ज्या बाईबद्दल बोलत होती ती माझी बायको होती, डॅमरिस, आणि तिला पुरून नऊ महिने झाले होते.

दोन वर्षं झाली, डॉक्टरसाहेब भुतं गोळा करतायत. लोक नाणी गोळा करतात, फुलपाखरं टाचून ठेवतात, तसंच. त्यांचा एक पुतण्या लंडनला असतो, कॉफीच्या दुकानात बसतो, आणि त्याने एकदा पत्रात लिहिलं की माणूस म्हणजे लोहाराचा भाता आहे, हवा संपली की संपला. ते पत्र वाचल्यापासून डॉक्टरसाहेबांची झोप गेली. "भूत नाही म्हटलं की आत्मा नाही, थर्केटल," ते मला म्हणाले होते, "आणि आत्मा नाही म्हटलं की देव नाही. सगळा संसार एकाच खुंटीला टांगलाय, आणि हे लोक ती खुंटीच हलवतायत." म्हणून पुस्तक काढायचं. ऐकीव काही नको, ज्याने पाहिलं त्याच्याच तोंडून घ्यायचं, बिअर किती प्यायला होतास ते आधी विचारायचं, आणि मग सहा प्रश्न: दिवस कोणता, उजेड किती, अंतर किती, अंगावर काय होतं, बोललं काय, आणखी कोणी पाहिलं. उत्तरं मी लिहायची. सोमवारी लंडनच्या छापखान्यासाठी गठ्ठा जायचा होता आणि मर्सीची साक्ष ही त्यातली शेवटची.

मला या सगळ्याचं हसू येतं, म्हणजे येत असे. माझा बाप विणकर होता, आणि धर्माच्या बाबतीत त्या काळचा कडवा. त्याच्या हिशेबात मेलेला माणूस सरळ वर तरी जातो नाहीतर खाली, आणि दोन्हीकडून परत यायची वाट नाही. मध्ये पापं जाळून घ्यायचा एक लोक असतो आणि तिथून आत्मे येतात ही पोपच्या भटांची थाप. आलंच काही तर तो सैतान, माणसाचं कातडं पांघरून आलेला. माझा भाऊ जेबेझ वेन्सम नदीत बुडाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. सर्व मृतांच्या दिवशी आईने खिडकीत पावाचा एक तुकडा ठेवला, कोणाला न सांगता, कारण तिच्या आईने तसं केलेलं तिने पाहिलं होतं. बापाने तो उचलला, बघितला, आणि स्वतः खाऊन टाकला. "मेलेल्यांना भूक नसते," तो म्हणाला. मी त्या रात्री पांघरुणात जेबेझसाठी देवाकडे काहीतरी मागत होतो, ते त्याने ऐकलं आणि मला पट्ट्याने मारलं. मेलेल्यासाठी प्रार्थना करणं म्हणजे देवाच्या निकालावर अपील करणं, तो म्हणाला. तर तेव्हा भूत दिसलं म्हणणारा पाखंडी होता. आता त्याच चर्चमध्ये, त्याच बाकांवर, भूत नाही म्हणणारा पाखंडी आहे. मी दोन्ही वेळा खाली मान घालून आमेन म्हटलं. कारकुनाचं कामच ते. पाद्री प्रार्थना म्हणतो आणि लोकांच्या वतीने कारकून मोठ्याने आमेन म्हणतो. डॅमरिस मला घरी हाकही तशीच मारायची. "आमेनराव, सरपण आणा. आमेनराव, तुमच्या टोपीवर मांजर बसलीय." फेब्रुवारीपासून माझं आमेन नुसतं घशातूनच येतं, आतून नाही. कोणाच्या ते लक्षात आलेलं नाही.

चौथा प्रश्न डॉक्टरसाहेबांचा लाडका. अंगावर काय होतं? त्याचं कारण लोकरीचा कायदा. तीन वर्षांपूर्वी राजाच्या पार्लमेंटने ठरवलं की आता प्रत्येक मेलेल्याला लोकरीतच पुरायचं, लिननमध्ये नाही, म्हणजे देशातल्या लोकरीचा धंदा चालेल. जिवंतांनी पुरेसे कपडे घेतले नाहीत, तर मेलेल्यांनी हातभार लावावा. आमचं नॉरिच तर लोकरीवरच जगतं, त्यामुळे इथे कोणी कुरकुर केली नाही. ज्याने प्रेत गुंडाळलं त्याने आठ दिवसांत न्यायाधीशासमोर बायबलवर हात ठेवून शपथ घ्यायची, ते शपथपत्र माझ्याकडे आणायचं, आणि मी नोंदवहीत नावापुढे लिहायचं: लोकरीत पुरली, लोकरीत पुरला. डॉक्टरसाहेबांना त्यात भुतांची परीक्षा सापडली. भूत ज्या कपड्यात पुरलं त्याच कपड्यात येणार, नाही का? मग तीन वर्षांत मेलेलं कोणी पांढऱ्या लिननमध्ये दिसलं असं जो सांगेल, त्याने लहानपणी ऐकलेल्या गोष्टी उगाळल्या असं समजायचं. तीन साक्षी त्यांनी अशाच बाद केल्या. एका खाटकाला तर ते म्हणाले, "बाबा रे, तुझं भूत कायदा मोडतंय."

मर्सी डॅक सूत कातते. नवरा समुद्रावर आहे, बहुधा. नदीकाठच्या गल्लीत आमच्या घरापासून चार दारं सोडून राहते. आमच्याकडे विस्तव न्यायला यायची आणि तासभर बसायची. पाद्रीसाहेबांच्या समोर बसायचं म्हणून तिने डोक्याला स्वच्छ रुमाल बांधला होता, पण जीभ नेहमीचीच होती.

"बिअर किती घेतली होती?" डॉक्टरसाहेबांनी विचारलं.

"रविवारी पहाटे बिअर कोण देतं, साहेब? पाण्याला निघाले होते. रविवार असला तरी तहान लागतेच ना."

"उजेड?"

"फटफटलं होतं. नदीवर धुकं होतं, आपल्याकडे असतं तसलं. वाळवणाच्या मैदानाच्या तोंडाशी मी आले आणि पलीकडे खांबांपाशी ती उभी."

वाळवणाचं मैदान म्हणजे नदीकाठची मोकळी जागा. तिथे खांब रोवून दोऱ्या ताणलेल्या आहेत, आणि गल्लीतले सगळे कपडे तिथेच वाळतात. डॉक्टरसाहेबांनी भुवया उंचावल्या. "मैदानात दोऱ्या असतात. कोणाचे तरी कपडे असतील."

"मलाही आधी तेच वाटलं," मर्सी म्हणाली. "मग आठवलं, आज रविवार. देवाच्या दिवशी कोण कपडे वाळत घालतंय? आमच्या गल्लीत कोणाची हिंमत आहे? लारवुड मावशी त्याचे कान उपटेल. मग मी नीट बघितलं, तर थर्केटल काकू. मी ओळखते ना त्यांचं उभं राहणं. मान जरा कलती. मी घाबरले नाही, साहेब, खरं सांगते. मला रडू आलं."

"अंगावर काय होतं?"

"पांढरा लिननचा झगा. आत घालतात तो. आणि डाव्या बाहीच्या काठाला निळ्या दोऱ्याने रफू केलेलं होतं. दोन पावलं पुढे गेले तेव्हा दिसलं. तिथून पुढे नाही गेले. बादली टाकून परत आले."

तिथे माझा डाग पडला. पुढचं मी कसंबसं लिहिलं. बोललं काय? काही नाही. आणखी कोणी पाहिलं? कोणी नाही. आणि मग मर्सी माझ्याकडे वळून, डॉक्टरसाहेबांना विसरूनच, म्हणाली, "काका, एक सांगू? खाजवत नव्हत्या. हात दोन्ही बाजूंना नुसते खाली सोडलेले, गप्प. त्यांना मी असं कधीच पाहिलं नव्हतं. बरं वाटलं मला."

डॉक्टरसाहेबांनी मनापासून उसासा टाकला. ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांना ही साक्ष हवी होती, ती त्यांच्या हातातून निसटत होती. "थर्केटल, माफ करा, पण विचारावं लागतंय. मिसेस थर्केटलना लोकरीतच पुरलं ना?" मी नोंदवही उघडली, फेब्रुवारीचं पान काढलं, आणि माझ्याच अक्षरातलं वाचून दाखवलं. डॅमरिस, बार्नबी थर्केटलची बायको, वय एक्कावन्न, लोकरीत पुरली, शपथ विधवा लारवुडची. "बघ पोरी," डॉक्टरसाहेब म्हणाले, "तू खोटं बोलतेस असं मी म्हणत नाही. पण तू काही पाहिलं नाहीस." मर्सी उठली. दाराशी जाऊन म्हणाली, "नोंदवही काय मैदानात उभी होती का, साहेब?" आणि गेली. डॉक्टरसाहेबांनी मला सांगितलं, ही साक्ष खोडा, पण रविवारपर्यंत विचार करा, तुमच्या घरची गोष्ट आहे, काही आठवलं तर सांगा.

काय आठवायचं होतं? मी काही विसरलोच नव्हतो. डॅमरिस लोकर विंचरणाऱ्याची मुलगी. लोकरीत जन्मली, आणि लोकर तिच्या अंगाला कधी मानवली नाही. कोपरापासून खाली हात लाल, हिवाळ्यात भेगा, आणि सारखी खाजवायची. चर्चमध्ये, बाजारात, लग्नाच्या दिवशी वेदीसमोर सुद्धा. लग्नातला लिननचा झगा तेवढा तिने जपून ठेवला होता. तो कोणी पाहिलेला नव्हता, मी सोडून. जानेवारीत ती अंथरुणाला खिळली तेव्हा तिने तो पेटीतून काढायला लावला, बाही उसवली होती ती शिवत बसली. पांढरा दोरा संपला होता. मी म्हटलं, दुकानातून आणतो. ती म्हणाली, "निळाच चालेल. वर बसून कोण बाह्या तपासणार आहे?" मग सुई खाली ठेवून म्हणाली, "आमेनराव, मला लोकरीत नका घालू हं. प्रलयाच्या दिवसापर्यंत खाजवत पडेन मी." मी हसलो. ती हसली नाही. तिने माझ्याकडून वचन घेतलं.

मी वचन पाळलं, असं मला वाटत होतं. प्रेताला न्हाऊ घालायला लारवुड मावशी आल्या. या गल्लीतली निम्मी माणसं त्यांनी या जगात आणली आणि उरलेली निम्मी गुंडाळली. मी त्यांना सगळं सांगितलं. मग आम्ही दोघांनी मिळून तिला झगा घातला आणि त्यावर लोकरीचं कफन. लोकांना कफन दिसणार, आत काय आहे ते देवाला. मग मी घंटा वाजवायला गेलो, कारण मेलेल्याची घंटा कारकुनानेच वाजवायची, आणि बायको मेली म्हणून कारकून बदलत नाहीत. आठव्या दिवशी मावशी न्यायाधीशाकडे जाऊन शपथ घेऊन आल्या, मी ते शपथपत्र घेतलं आणि चांगल्या अक्षरात लिहिलं, लोकरीत पुरली. सत्तरी ओलांडलेल्या म्हातारीला मी खोटी शपथ घ्यायला लावली. रोज रात्री ते मला टोचायचं, आणि त्याच बरोबर दुसरं काहीतरी असायचं, जे मी कोणाला सांगितलं नाही. मला बरं वाटायचं. जन्मभर मी कोणाचा शब्द मोडला नव्हता. एक गोष्ट मी तिच्यासाठी केली होती, राजाच्या आणि पार्लमेंटच्या विरुद्ध, आणि ती मातीखाली मऊ कापडात गप्प पडली होती.

आणि आता ती आली होती. त्या झग्यात, त्या बाहीसकट. मर्सीला ते ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. जे साऱ्या जगाला भूत दाखवायला निघाले होते त्या डॉक्टरसाहेबांच्या हातात एकमेव खरं भूत पडलं होतं, आणि ते खरं आहे हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, एक मी आणि एक लारवुड मावशी. मी तोंड उघडलं तर डॉक्टरसाहेबांच्या पुस्तकात डॅमरिस पहिल्या पानावर जाणार, आणि खोट्या शपथेपायी मावशी चौकात खोड्यात उभ्या राहणार. नाही उघडलं, तर ती कधी आलीच नाही असं माझ्याच हाताने लिहायचं. तीन दिवस मी ते घेऊन फिरलो. बाजारात हेरिंग मासे घेताना, कबर खणणाऱ्याशी बोलताना, सकाळच्या प्रार्थनेत. रागही आला, खोटं कशाला बोलू. ती मर्सीला दिसली. चार दारं सोडून राहणाऱ्या, विस्तव न्यायला येणाऱ्या पोरीला. मी घरात होतो, दोनशे पावलांवर, झोपलो होतो. पण मग मर्सीचं ते वाक्य यायचं. खाजवत नव्हत्या. आणि मी मध्येच जिथे असेन तिथे थांबायचो. एवढ्यासाठी आली असेल, मला वाटायचं. हे बघा आमेनराव, हात गप्प आहेत. आणि मला स्वतःला उठवलं नाही, कारण मी दमलेला असतो हे तिला माहीत आहे.

शुक्रवारी दुपारी मी मावशींकडे गेलो. त्यांना विचारल्याशिवाय मी काही करणार नव्हतो, एवढं तरी मी ठरवलं होतं. त्या चुलीपाशी बसून सलगम सोलत होत्या. मी सगळं सांगितलं, मर्सी, रविवार, धुकं, निळा दोरा. त्यांची सुरी थांबली.

"कधीचा रविवार म्हणाली ती?"

"सप्टेंबरअखेरचा तो मायकलमसचा सण, त्याच्यानंतरचा."

"अरे देवा," मावशी म्हणाल्या, आणि सलगम खाली ठेवला. "बस बार्नबी."

"बसतो. पण तुम्ही घाबरू नका मावशी, मी तुमचं नाव..."

"गप बस जरा. माझं नाव राहू दे." त्या उठल्या, गुडघ्यांवर हात ठेवून, हळूहळू, पलंगाखालची पेटी ओढली आणि तळातून काहीतरी काढून माझ्या मांडीवर ठेवलं. लव्हेंडरचा वास आला. मी बाही उलगडायच्या आधीच मला कळलं होतं, तरी मी उलगडली. निळे टाके. शेवटचे दोन वाकडे, कारण तेव्हा तिला बसवत नव्हतं.

"तू घंटा वाजवायला गेलास," मावशी म्हणाल्या. "वर्षाला एक, एक्कावन्न टोले. हळू वाजवलेस, तुझं मन लागत नव्हतं. तेवढा वेळ मला पुरला. झगा काढला, आत लोकर गुंडाळली, वरून कफन तसंच लावलं. मी बायकांची वयं खोटी सांगितलीत, पोरांचे बाप खोटे सांगितलेत. पण पुस्तकावर हात ठेवून नाही रे. माझे आता किती दिवस राहिले? उद्या त्याच्यासमोर उभं राहायचंय."

"म्हणजे शपथ खरी."

"शपथ खरी. तुझी नोंदही खरी. सगळं खरंच आहे."

"आणि रविवारी?"

"कसर लागली होती. हवा द्यायची तर कुठे देणार? सगळ्या गल्लीने पाहिला असता. म्हटलं, रविवारी पहाटे मैदानात चिटपाखरू नसतं, अर्धा तास टांगते आणि आणते. त्या पोरीला तहान लागेल हे मला काय ठाऊक?"

मला हसू आलं. खरंच आलं. रविवारी कोणी कपडे वाळत घालत नाही म्हणून त्यांनी रविवारी घातला, आणि रविवारी कोणी कपडे वाळत घालत नाही म्हणून मर्सीने झग्यात माझी बायको पाहिली. हात गप्प होते, कारण बाह्यांत हात नव्हते. मी बराच वेळ हसलो असेन, कारण मावशींनी मला पाणी दिलं.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"कसं सांगू? तू नऊ महिने माझ्याशी चोराने चोराशी बोलावं तसा बोलतोयस. दारातून जाताना टोपी जरा जास्तच वाकवतोस. तुझ्या तोंडावर इतकं समाधान मी तुझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं, बार्नबी. ते मी कशाला काढून घेऊ?" मग म्हणाल्या, "रागव माझ्यावर. चालेल मला."

मला राग यायला हवा होता. तो आला नाही, त्याला चढायला जिना हवा होता आणि मी फार दमलो होतो. एवढंच लक्षात आलं की ती लोकरीत आहे. फेब्रुवारीपासून, सगळा उन्हाळाभर, मी मऊ कापडाच्या कल्पनेवर झोपत होतो आणि ती लोकरीत होती, कोपरापासून खाली लाल हात घेऊन. माझा बाप म्हणाला असता की मेलेल्यांना भूक नसते तशी खाजही नसते. डॉक्टरसाहेबांचा पुतण्या म्हणाला असता की भात्यातली हवा गेली, आता लोकर काय नि लिनन काय. दोघे जन्मभर एकमेकांना शिव्या घालत बसले असते आणि या बाबतीत मात्र त्यांचं एकमत झालं असतं. त्या एकमताने मला काही बरं वाटलं नाही. मी झगा घडी करून कोटाखाली घेतला, मावशींच्या हातावर हात ठेवला, घरी आलो, आणि मर्सीची साक्ष काढून तिच्यावर वरपासून खालपर्यंत एक रेघ मारली. डाग होता तिथे टाक अडखळला. मी तिला लोकरीत घातलं नव्हतं, पण मी वचन दिलं होतं, आणि ज्याने वचन दिलं त्याने घंटा सोडून तिथेच बसायला हवं होतं.

रविवारी पहाटे मी का उठलो ते मला सांगता येणार नाही. झगा खुर्चीवर होता. डॉक्टरसाहेबांच्या प्रश्नांची सवय लागलीय म्हणा, मला स्वतः बघायचं होतं. उजेड किती, अंतर किती. मैदानावर धुकं होतं, नदी ऐकू येत होती पण दिसत नव्हती. मी पलीकडच्या खांबांपाशी गेलो, दोरीवर झगा टांगला, बाह्या दोन्ही बाजूंना नीट सोडल्या, आणि चालत परत मैदानाच्या तोंडाशी येऊन उभा राहिलो, मर्सी जिथे उभी होती तिथे. वळून पाहिलं. झगाच होता. मी डोळे बारीक केले, मान कलती करून पाहिली. दोरीवर टांगलेला झगा. मला वाटलं होतं मला थोडं तरी फसता येईल. तेवढी सवलतही नव्हती. उगाच, नुसतं उभं राहवेना म्हणून, मी तोंडातल्या तोंडात म्हणालो, डॅमरिस, तुला लोकरीत घातलं गं. मला ठाऊक नव्हतं. आणि लगेच आजूबाजूला पाहिलं, पन्नास वर्षांपूर्वी पांघरुणात पाहिलं होतं तसं.

मागे बादलीचा आवाज झाला. मर्सी होती. डोक्यावर तोच स्वच्छ रुमाल, चर्चसाठी आधीच बांधलेला. ती माझ्या शेजारी येऊन थांबली, धुक्यात पलीकडे पाहिलं, आणि बादली हळूच खाली ठेवली, आवाज होऊ नये म्हणून. मी तोंड उघडलं. मर्सी, तो झगा आहे, मी आत्ताच टांगलाय, एवढंच सांगायचं होतं, आणि ते खरं होतं, आणि त्याने कोणाचंच वाईट होणार नव्हतं.

"तुम्हालाही दिसतायत," ती कुजबुजली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली. तिला इतकं हायसं वाटलेलं मी ऐकलं की माझं तोंड परत मिटलं. आठवडाभर गल्ली तिला हसत होती.

"दिसतेय," मी म्हटलं.

"बघा ना काका. खाजवत नाहीयेत."

वारा अजिबात नव्हता. बाह्या खाली सोडलेल्या होत्या. मी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. "नाही," मी म्हटलं. "गप्प आहेत."

मर्सीने हात जोडले. ती शिकलेली नाही, कशाला मनाई आहे आणि कशाला नाही हे तिला कोणी शिकवलेलं नाही. चर्चमध्ये बोलतात तशा मोठ्या, स्पष्ट आवाजात ती म्हणाली, "देवा, थर्केटल काकूंना आता आराम पडू दे. त्यांच्या हातांना आराम पडू दे." आणि थांबली, प्रार्थना संपली की माणसं थांबतात तशी.

त्या थांबण्यानंतर काय करायचं ते माझ्या जिभेला तीस वर्षं माहीत आहे. मी विचार करायच्या आत ती हलली होती, आणि या वेळी आवाज घशातून आला नाही.

"आमेन," मी म्हणालो.